खरवड

"ताई, उठा. चालायला जायचंय."

वैनींनी पांघरूण ओढलं तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता. कुरुंदवाडची जानेवारीतली थंडी, त्यात नदीवरून येणारा वारा. मी उशीत तोंड खुपसलं.

"माहेरी आलेल्या बाईला असल्या अंधारात कोण उठवतं हो, वैनी?"

"मी उठवते," वैनी म्हणाल्या आणि त्यांनी दिवा लावला.

राजमतीवैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. वयाने माझ्याच बरोबरीच्या, अंगाने काडी, बोलायला त्याहून काटकसरी. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून आमचं भांडण कधी झालं नाही आणि गूळपीठही कधी जमलं नाही. माझ्या गप्पांना त्या नुसतं 'हं' म्हणायच्या. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची, नाशिकच्या एका शाळेत हेडक्लार्क, आणि जाड. अंगाने भरलेली, सुखवस्तू, खात्यापित्या घरची, हे सगळे शब्द मी स्वतःबद्दल ऐकलेले आहेत. लोक बिचारे चांगल्या मनाने बोलतात. पण जाड हाच खरा शब्द.

साडी जरा वर खोचून, पायात लेकीचे जुने बूट घालून मी निघाले. दत्ताच्या वाडीच्या रस्त्याने नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. एसटी स्टँड आला आणि मी तिथल्या कट्ट्यावर बसकण मारली. छातीचा भाता झाला होता. दूध घालायला निघालेला एक गवळी सायकल थांबवून बघायला लागला.

"काय शालनअक्का, बस चुकली काय?"

"व्हय बाबा," मी म्हटलं, "आता चालतच नाशिक गाठते."

तो हसला, मीही हसले. जाड माणसाने आधी आपणच हसून घ्यावं, म्हणजे दुसऱ्याचं हसणं फार लागत नाही. वैनी मात्र हसल्या नाहीत. माझ्या शेजारी उभ्या राहून त्या पुलाच्या दिशेने बघत होत्या.

"श्वास आला का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"येईल. चला."

हा सगळा खटाटोप अण्णासाठी चालला होता. त्याचं लिव्हर निकामी होत होतं. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस, पण कधीतरी अंगात शिरलेल्या काविळीच्या विषाणूने त्याला आतून पोखरलं होतं. डोळे पिवळे, पाय सुजलेले, पोटात पाणी. पुण्याच्या हॉस्पिटलात सांगितलं की जवळच्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा भाग द्यायला हवा. उरलेलं आणि दिलेलं, दोन्ही पुन्हा वाढतं. वैनींचा रक्तगट जुळेना. त्यांची मुलगी अजून अठराची नव्हती. उरले मी. माझा रक्तगट जुळला तेव्हा मला बोर्डात आल्यासारखा आनंद झाला.

तो दोन दिवस टिकला. मग तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. "तुमच्या लिव्हरवर खूप चरबी आहे. साखरही काठावर आहे. असं लिव्हर आम्हाला घेता येणार नाही. तुमच्या भावालाही उपयोग नाही आणि तुमच्याही जिवाला धोका."

"मग आता?"

"चाला. रोज, दम लागेल असं. गोड आणि तळलेलं बंद. लिव्हरवरची चरबी लवकर उतरते, बाहेरून बारीक दिसायच्याही आधी. दोन महिन्यांनी परत बघू. तेवढा वेळ त्यांच्याकडे आहे." मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "फार नाही."

माझी जाडी बाहेरून साऱ्या जगाला दिसते, ते मनाला लावून घेणं मी कधीच सोडलं होतं. पण ती आतही आहे, आणि माझ्या भावाच्या वाटेत ठाण मांडून बसली आहे, हे ऐकल्यावर मी लिफ्टमध्ये रडले. वैनी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ना पाठीवरून हात फिरवला ना समजूत घातली. तळमजला आल्यावर म्हणाल्या, "नाशिकला तुमच्यानं होणार नाही. नोकरी, घर, आलं-गेलं. माझ्याकडं या. मी चालवते तुम्हाला." त्यांच्या तोंडून सलग एवढं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी रजा टाकली आणि माहेरी आले.

आता माहेर कसलं, तर बासुंदीवाल्याचं. कुरुंदवाडची बासुंदी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना जास्त सांगायला नको. आमच्या परसात भट्टी, भट्टीवर ही एवढी कढई, आणि पहाटेपासून तिच्यात दूध आटत असतं. घराच्या भिंतींना, गाद्यांना, चादरींना आटल्या दुधाचा वास. अशा घरात बसून मी चरबी उतरवायची होती. देवाला विनोदाची आवड आहे, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

वैनी मला जेवायला वाढायच्या ते एक भाकरी, ताकातली पातळ आमटी, वाटीभर पालेभाजी आणि मूठभर मोड आलेले मूग. सूर्य मावळायच्या आत जेवण. दुसऱ्या भाकरीसाठी मी ताटात बोट फिरवत बसले की त्या टोपली उचलून आत नेऊन ठेवायच्या. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्या चढायला लावायच्या. मी खुर्चीचा आधार घेऊन उठाबशा काढत असले की त्या समोर पाटावर बसून शेंगा फोडायच्या आणि मी थांबले की त्यांचेही हात थांबायचे. माहेरपण म्हणतात ते हेच का, असं मी एकदा विचारलंसुद्धा. "हं," त्या म्हणाल्या.

पण दोनएक आठवड्यांत मी पुलापर्यंत पोचायला लागले. उसाच्या ट्रॉल्या बाजूने जायच्या, वाडीच्या देवळातली घंटा ऐकू यायची, आणि वैनी नुसत्या पुढे चालत राहायच्या. चालताना पाठमोऱ्या दिसणाऱ्या त्या लहानशा बाईची मला हळूहळू सवय झाली.

चालून आलं की वैनी अंघोळ करून बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जायच्या. तेवढा अर्धा तास माझा आणि अण्णाचा. तो भट्टीपाशी खुर्ची टाकून बसलेला असायचा. कामाला माणसं होती, पण दुधाकडे बघितल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. बासुंदी उतरवून नेली की कढईच्या कडेला, तळाला जी जाड साय चिकटून राहते, ती खरवड. आई गेली तेव्हा मी लहान होते. तेव्हापासून ती खरवड अण्णाने माझ्यासाठी राखून ठेवलेली. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी आधी शालनची खरवड.

मी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने उलथण्याने खरवड काढली, बशीत घातली, वरून साखर भुरभुरली आणि बशी माझ्यापुढे धरली.

"अण्णा, अरे मला गोड बंद आहे."

"एवढ्याशानं काय होतंय, शाले? चालून आलीस की आत्ताच."

"वैनी मारतील मला."

"तिला कशाला सांगतीस?" त्याच्या पिवळ्या डोळ्यांत लहानपणीचा खट्याळपणा आला. "मला तर आता खायला जमत न्हाई. तू खाल्लीस की माझ्याच पोटात गेल्यासारखं वाटतंय बघ."

यावर कुठली बहीण नको म्हणेल? मी खाल्ली. दुसऱ्या दिवशीही खाल्ली. खरं सांगायचं तर काही दिवशी मला भूकही नसायची, चालून पोटात डचमळत असायचं. पण मी खाताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते त्या घरात दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने येत नव्हतं. त्याचं अळणी जेवण, गोळ्या, अंगाची खाज, गळून जाणं, या सगळ्यात दिवसातली एवढीच एक आनंदाची गोष्ट, आणि तीही मी हिरावून घेऊ? एवढं चालतो आपण, जिरून जाईल, असं मी मनाला समजावत होते.

महिना झाला तेव्हा गावातल्या लॅबमध्ये रक्त दिलं. वैनी रिपोर्ट घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. साखर होती तिथेच होती. वजन किलोभर उतरलं होतं, तेही बहुतेक बुटांचं.

"माझंच काहीतरी चुकतंय," वैनी म्हणाल्या. "भाकरी मोठी होत असंल. उद्यापासनं पुलाच्या पलीकडं जाऊ. तेल पण कमी करते." त्या पदराच्या टोकाला पीळ घालत होत्या. "ताई, यांचा वेळ जायला लागलाय हो."

तो जायला लागला होता हे मलाही दिसत होतं. आदल्या दुपारीच अण्णा झोपेतून उठला आणि त्याला दिवस की रात्र कळेना. मला त्याने 'आई' म्हणून हाक मारली आणि दुकान उघडायला गेलेले वडील आले का, असं विचारलं. वडील जाऊन पंधरा वर्षं झाली होती. अर्ध्या तासाने तो शुद्धीवर आला, पण त्या अर्ध्या तासात वैनींचा चेहरा पांढराफटक पडलेला मी पाहिला.

रात्रभर मी ठरवत होते की उद्या खरवडीला हात लावायचा नाही. सकाळी पुलाच्या पलीकडे जाऊन आलो. वैनी बस्तीत गेल्या. मी भट्टीपाशी गेले तर बशी तयार होती. नेहमीपेक्षा जास्तच भरलेली.

"अण्णा, रिपोर्ट..."

"ऐकलं मी. रिपोर्टाचं काय घेऊन बसलीस? बस. खा."

त्याने बशी माझ्या हातावर टेकवली आणि स्वतःचा हात काढून घेतला. पडेल म्हणून मी ती घेतली. आणि घेतली तशी पहिला घास तोंडातही घातला.

"रोज?"

दारात वैनी उभ्या होत्या. गंधाची वाटी विसरली म्हणून परत आल्या होत्या. माझ्या तोंडात घास होता, तो गिळताही येईना. मला वाटलं, आता ह्यांचा बांध फुटणार, महिनाभराचं सगळं माझ्या डोक्यावर ओतणार, आणि माझं त्यावर काही म्हणणं नव्हतं. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"रोज देताय तुम्ही?" त्यांनी अण्णाला विचारलं.

"अहो वैनी, त्याची काही चूक नाही," मी घाईने म्हटलं, "त्याला बरं वाटतं म्हणून मीच..."

"ताई, तुम्ही थांबा." त्या पुन्हा अण्णाकडे वळल्या. "तुम्ही बोला हो. मुद्दाम देताय न्हवं?"

मी हसले. मुद्दाम काय द्यायचंय, असं म्हणणार होते. मग मी अण्णाकडे बघितलं, आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. लहानपणी चोरी पकडल्यावर तो असाच जमिनीकडे बघायचा.

"अण्णा?"

त्याने उलथणं उचलून कढईच्या कडेला टेकवलं.

"ती पुण्याची डॉक्टरीण म्हणाली न्हवं का," तो अखेर म्हणाला, "चरबी असली तर घेत न्हाईत म्हणून. मग मी म्हटलं, राहू दे चरबी. शालीचं पोट फाडायचं आणि मी जगायचं? उद्या ती टेबलावर राहिली, तर तिची पोरं माझ्या दारात येऊन उभी राहतील. काय सांगू मी त्यांना? आईनं जाताना माझ्या हातात हिचा हात दिला होता. सांभाळ म्हणाली होती. काप म्हणाली न्हवती."

जन्मभर मला खायला घालणारा माझा भाऊ, आणि महिनाभर तो मला मरणापासून वाचवायला खायला घालत होता. त्याच्या डोक्यात माझं मरण होतं आणि मी गोड तोंडाने ते खात होते. मला त्याचा राग आला, आणि इतकी माया दाटून आली की रागाला बसायला जागाच उरली नाही.

वैनी उंबऱ्यावर खाली बसल्या.

"आणि माझं काय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. एवढंच. मोठ्याने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. अण्णाने मान वर केली नाही, पण त्याचे खांदे हलायला लागले.

मी बशी खाली ठेवली. "अण्णा, नको मला," मी म्हटलं. उभ्या आयुष्यात त्याच्या हातच्या कशालाही मी नको म्हटलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "नको तर नको. पण मग तेही नको. पुण्याला सांगून टाक."

"ते तू नको म्हणायचं नाहीस."

"का म्हणून?"

"कारण मी म्हटलं नाही म्हणून!" माझा आवाज चढला. "महिनाभर तू ही बशी पुढं केलीस. भूक नव्हती तेव्हाही मी खाल्लं. मळमळत होतं तेव्हाही खाल्लं. का खाल्लं? तू प्रेमानं देत होतास, तुझं मन मोडू नये म्हणून खाल्लं. आता मी देते आहे. तुला नको असलं तरी तू घ्यायचंस. मला नाही का घशाखाली उतरवावं लागलं?"

त्याने खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला.

"आणि ऐक," मी म्हटलं. आता रडू आवरत नव्हतं आणि मला आवरायचंही नव्हतं. "मला सगळ्यांनी बारीक हो म्हणून सांगितलं. लग्न जमेना म्हणून सांगितलं, गुडघे दुखतात म्हणून सांगितलं, फोटोत मावत नाही म्हणून सांगितलं. या अंगाची मला जन्मभर लाजच वाटत आली. पहिल्यांदा हे अंग कुणाच्या तरी कामाला येणार आहे. तेवढं येऊ दे रे. नाही म्हणू नकोस."

अण्णाने तोंडावर टॉवेल घेतला. वैनी उठल्या, माझ्यासमोरची बशी उचलली, आणि कामावरच्या बाईला हाक मारून ती तिच्या हातात दिली. मग अण्णापाशी जाऊन त्याच्या सुजलेल्या पायांशी बसल्या.

"घ्याल न्हवं?" त्यांनी विचारलं.

"घेतो," अण्णा टॉवेलातून म्हणाला.

त्यानंतर चालणं खरं सुरू झालं, असं म्हटलं तरी चालेल. आम्ही पुलाच्या पलीकडे, वाडीच्या कमानीपर्यंत जायला लागलो. मी वैनींच्या मागे राहायची ती बरोबरीने चालायला लागले. परत येताना अण्णा दुकानाच्या पायरीवर शाल पांघरून बसलेला दिसायचा. आम्ही दिसलो की हात वर करायचा. आणि एका सकाळी, उसाच्या ट्रॉलीला वाट द्यायला आम्ही कडेला थांबलो असताना वैनी आपणहून म्हणाल्या, "ताई, तुमच्याबरोबर चाललं की मला घरी गेल्यावर रडायला येत न्हाई." मी त्यांचा हात धरला आणि पुढचा रस्ता तसाच धरून चालले.

पुण्याला परत गेलो. तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

"वजन अजून बरंच आहे हं तुमचं."

"आहे," मी म्हटलं. माझा जीव टांगणीला लागला होता.

"पण लिव्हर छान झालंय. साखरही खाली आली. काय केलंत?"

मी वैनींकडे बोट दाखवलं. वैनी म्हणाल्या, "हं." आणि तिथेच, त्या थंडगार खोलीत, पदर तोंडात धरून हुंदके देऊन रडल्या.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, ते आठवायचं नसतंच. जाग आली ती दुखण्यानेच. दोन दिवसांनी मला उठवून बसवलं, मग चालवायला लागले. एका बाजूला नर्स, दुसऱ्या बाजूला वैनी. अण्णा बंद दाराच्या पलीकडे, अतिदक्षता विभागात. बरा आहे, एवढंच कळायचं. बघायला मिळत नव्हतं.

आठवडाभराने मला घरी सोडायचं ठरलं, त्या सकाळी वैनींनी मला लांबच्या पॅसेजमध्ये नेलं. समोरून दोन नर्सनी धरलेला एक माणूस येत होता. तोंडावर मास्क, नळ्या, हॉस्पिटलचा हिरवा झगा, अर्ध्या वितीची पावलं. डोळ्यांचा पिवळेपणा ओसरला होता म्हणून मला ओळखायला क्षणभर वेळ लागला. मी भिंतीला धरून उभी राहिले. तोही थांबला. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मास्क खाली ओढला.

"किती वाळलीस गं, शाले," अण्णा म्हणाला.

सासरहून लेक आली की माहेरची माणसं दारातच हे म्हणतात. माझ्या सगळ्या मैत्रिणींना ते दर खेपेला ऐकायला मिळायचं आणि त्या खोटं खोटं वैतागायच्या. मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणार तरी कुठल्या तोंडाने? त्या दिवशीही माझं वजन ऐंशीच्या खाली नव्हतं. त्याला इतकी वर्षं झाली, अण्णा अजून दर दिवाळीला मला दारात तेच म्हणतो आणि दर वेळी ते धादांत खोटं असतं. पण त्या पॅसेजमध्ये ते पहिल्यांदा ऐकलं, आणि मी भिंतीला टेकून, तोंड उघडून, सगळ्या नर्सांसमोर रडायला लागले.

वैनींनी एक हात माझ्या पोटावरच्या टाक्यांवर दाबून धरला, दुसरा पाठीवर ठेवला.

"रडा, ताई," त्या म्हणाल्या. "पण बेतानं. दोघांचे टाके ताजे आहेत."